वाटीतला पीच कॉब्लर : वरून खरपूस, खालून कच्चा का राहतो?

कॉब्लर हा फळांवर पीठ घालून ओव्हनमध्ये भाजलेला गोड पदार्थ मोठ्या पसरट भांड्यात केला की सहसा बिघडत नाही. तोच पाहुण्यांसाठी छोट्या वाट्यांमध्ये केला की वरचा थर छान तांबूस होतो, घरभर लोण्याचा वास सुटतो, आणि पहिला चमचा आत जाताच मात्र त्या थराच्या पोटाशी पांढरट, चिकट पिठाचा लगदा लागतो व त्याखाली फळाचा रस पाण्यासारखा वाहत असतो. पीचचा हंगाम सुरू झाला की ही तक्रार हमखास ऐकू येते. भाजण्याची वेळ वाढवली तर वरचा भाग करपतो आणि खालचा कच्चेपणा तसाच राहतो. तापमान उतरवले तर वरचा भागही फिकट राहतो. पाककृती बदलली तरी पुढच्या खेपेला तेच घडते. याचे कारण असे की दोष बहुधा प्रमाणात नसतोच. वाटीत पीठ पडते त्या क्षणी खालचे फळ किती गरम आहे, यावर बाकीचे बरेचसे अवलंबून असते, आणि अनेक पाककृतींमध्ये नेमका याच गोष्टीचा उल्लेख नसतो.

कॉब्लर हा अमेरिकेतला घरगुती पदार्थ आहे. खाली साखर घातलेली फळे आणि वर मैदा, लोणी, दूध व बेकिंग पावडर यांचे सैलसर पीठ, इतकीच त्याची रचना. या पिठात अंडे नसते, त्यामुळे अंडे न खाणाऱ्या घरांतही तो निर्धास्तपणे करता येतो. दक्षिणेकडील राज्यांत पीचच्या कॉब्लरचा मान मोठा आहे : टेक्सासने २०१३ मध्ये त्याला राज्याचा अधिकृत कॉब्लर ठरवले, आणि जॉर्जियातील फोर्ट व्हॅली येथे पीच महोत्सवाच्या निमित्ताने एक अवाढव्य कॉब्लर भाजून लोकांना वाटला जातो. पूर्वी पश्चिमेकडे गाड्यांतून स्थलांतर करणारी कुटुंबे तो बिडाच्या जाड भांड्यात करीत. भांड्याखाली निखारे आणि झाकणावरही निखारे. कोकणात भानोळ्यासाठी खाली-वर विस्तव ठेवतात, तशीच ही रीत. त्या पद्धतीत फळ तळातून खदखदत असे आणि त्याच वेळी वरून पीठ शेकले जाई. ओव्हनमध्ये ठेवलेल्या चिनीमातीच्या थंड वाटीत नेमकी ही खालची आच हरवते.

वाटीच्या आत काय घडते ते जरा जवळून पाहू. ओव्हन १९० अंश सेल्सिअसवर असला तरी रसदार फळाचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही, आणि फ्रिजमधून काढलेल्या फळाला तिथपर्यंत पोहोचायला बराच वेळ लागतो, कारण चिनीमातीची जाड भिंत आधी स्वतः तापते आणि मगच आतल्या फळाला आच देते. वरच्या पिठाला मात्र गरम हवा थेट लागते. पंधरा-एक मिनिटांत त्याचा पृष्ठभाग वाळतो, रंग धरतो आणि पाहणाऱ्याला झाले असे वाटते. त्याच पिठाची खालची बाजू अजून कोमट रसात बसलेली असते. असे पीठ आतपर्यंत शिजायला साधारण ९३ ते ९५ अंशांचे तापमान लागते. रस कोमट असेपर्यंत ती बाजू शिजत तर नाहीच, उलट रस शोषून घेते. पिठातले लोणी वितळून खाली उतरते, आणि बेकिंग पावडरमुळे तयार झालेला वायू त्या सैल, ओल्या थरातून निसटून जातो. पुढे फळाला उकळी आली तरी एकदा बसलेले पीठ पुन्हा फुगत नाही. म्हणूनच वाटी आणखी दहा मिनिटे ओव्हनमध्ये ठेवण्याचा नेहमीचा उपाय इथे लागू पडत नाही.

रस पातळ राहण्याचे मूळही हेच आहे. कॉर्नफ्लोअरचे कण ६२ ते ७२ अंशांच्या दरम्यान फुगू लागतात, पण रस नीट आळण्यासाठी, त्यातही साखर भरपूर असेल तेव्हा, तो मध्यभागी उकळीला यावा लागतो. कडेला बुडबुडे दिसू लागले तरी मधला भाग त्या वेळी बराच मागे असतो. वरच्या रंगावर विसंबून वाटी बाहेर काढली, तर अर्धवट फुगलेले कॉर्नफ्लोअर रसात तसेच तरंगत राहते. रस आळत नाही, आणि जिभेला किंचित खडूसारखी चव लागते. पुढच्या वेळी कॉर्नफ्लोअर दुप्पट घालून हा दोष जात नाही. उलट ज्या वाट्यांना पुरेशी उकळी येते, त्यांतला रस खळीसारखा घट्ट होऊन बसतो.

मोठ्या भांड्यात हे कमी जाणवते आणि वाट्यांमध्ये हटकून जाणवते, त्यामागे वाटीविषयीचे काही गैरसमज आहेत. वाटी लहान आहे म्हणून ती निम्म्या वेळात होईल असे गृहीत धरले जाते. भाजण्याचा वेळ मात्र पदार्थाच्या एकूण आकारापेक्षा त्याच्या खोलीवर ठरतो, आणि पसरट भांड्यातल्या व १८० मिलिलिटरच्या वाटीतल्या फळाच्या थराच्या खोलीत फारसा फरक नसतो. शिवाय वाटीचे तोंड आठ-नऊ सेंटिमीटरच रुंद असल्याने पिठाची एकच गोल थापी करून ती काठापर्यंत बसवण्याचा मोह होतो. दिसायला ते नीटनेटके दिसते खरे, पण वाफेला बाहेर पडायला फटच उरत नाही. ती वाफ थापीच्या पोटाशी अडकते आणि तिला खालून भिजवत राहते.

याहून मोठा घोटाळा आगाऊ तयारीत होतो. वाट्यांमध्ये कॉब्लर करण्याचा हेतूच मुळी असा असतो की पाहुणे येण्याआधी सगळे रचून ठेवावे आणि जेवणे सुरू झाली की वाट्या ओव्हनमध्ये सरकवाव्यात. सकाळी फळ भरले, वर पीठ घातले, फिल्म लावून वाट्या फ्रिजमध्ये ठेवल्या, की संध्याकाळपर्यंत साखर फळातला रस ओढून काढते, त्या रसात पिठाची खालची बाजू भिजत पडते आणि बेकिंग पावडरचा जोर काही अंशी तिथेच खर्च होतो. अशी वाटी ओव्हनमध्ये जाते तेव्हा लगदा आधीच तयार झालेला असतो. ओव्हन त्याला फक्त वरून रंग देतो. माझे स्पष्ट मत असे आहे की रचून ठेवलेला कच्चा कॉब्लर फ्रिजमध्ये ठेवूच नये. तयारी आधी जरूर करावी, पण फळ वेगळे आणि पीठ वेगळे.

आता प्रत्यक्ष कृती. १८० मिलिलिटरच्या सहा वाट्यांसाठी सोलून फोडी केलेले पीच ७५० ग्रॅम, साखर ८० ग्रॅम, लिंबाचा रस एक मोठा चमचा, कॉर्नफ्लोअर सपाट दोन मोठे चमचे म्हणजे सुमारे १६ ग्रॅम, आणि चिमूटभर मीठ घ्यावे. अमेरिकेत राहणाऱ्यांनी कॉर्न स्टार्च असे लिहिलेला डबा आणावा. तिथे कॉर्न फ्लोअर म्हणून जे मिळते ते मक्याचे बारीक पीठ असते आणि त्याने रस असा आळत नाही. फोडींना साखर, लिंबाचा रस व मीठ चोळून अर्धा तास ठेवल्यावर तळाशी बराच रस सुटतो. हा रस कढईत काढून घ्यावा, त्यातला दोन-तीन चमचे थंड रस बाजूला ठेवून त्यात कॉर्नफ्लोअर गुठळ्या न ठेवता कालवावे, उरलेल्या रसाला उकळी आणावी आणि मग कालवलेले कॉर्नफ्लोअर त्यात ओतून सतत ढवळत राहावे. मिनिटभरात दुधी दिसणारा रस पारदर्शक आणि चकचकीत होतो. हा बदल डोळ्यांना स्पष्ट दिसतो आणि तो दिसेपर्यंत थांबणे महत्त्वाचे आहे. त्यानंतर फोडी घालून पुन्हा खदखदू लागेपर्यंत, म्हणजे दोन-तीन मिनिटे, आचेवर ठेवाव्यात. यापेक्षा जास्त वेळ शिजवले तर फोडींचा गर होतो, आणि आंबट रसात फार वेळ उकळलेले कॉर्नफ्लोअर पुन्हा सैल पडते.

हे उकळते मिश्रण प्रत्येक वाटीत सुमारे १२० ग्रॅम भरावे आणि काठाखाली दीड-दोन सेंटिमीटर जागा सोडावी, नाहीतर रस उतू जाऊन ट्रेवर जळतो. वाट्या त्याआधी पाच मिनिटे कोमट ओव्हनमध्ये ठेवून किंवा त्यांत गरम पाणी ओतून शेकून घेतल्या, तर फळाची उष्णता भिंती शोषून घेत नाहीत. काचेच्या वाट्या असतील तर ही खबरदारी केवळ चवीसाठी नाही : फ्रिजमधली थंड काच तापलेल्या ट्रेवर ठेवली किंवा तिच्यात उकळता रस ओतला, तर ती तडकू शकते. मिश्रण सकाळीच करून ठेवायचे असेल तर ते डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावे आणि भाजण्याच्या आधी कढईत पुन्हा खदखदेपर्यंत गरम करूनच वाट्यांत घालावे. पाच मिनिटांचे हे काम टाळले की आधीची सगळी मेहनत पाण्यात जाते.

वरच्या पिठासाठी मैदा ११० ग्रॅम, साखर २५ ग्रॅम, बेकिंग पावडर सपाट एक छोटा चमचा, थंड लोणी ५० ग्रॅम आणि थंड दूध ७५ मिलिलिटर पुरते. लोणी खारे असेल तर वेगळे मीठ घालू नये. दुधाऐवजी ताक वापरल्यास चिमूटभर खाण्याचा सोडा घालता येतो, पण सोडा आणि ताक एकत्र येताच वायू सुटू लागत असल्याने असे पीठ कालवल्यावर लगेच ओव्हनमध्ये गेले पाहिजे. लोण्याचे बारीक तुकडे कोरड्या मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळून रवाळ करावेत, दूध घालावे आणि कोरडे पीठ दिसेनासे होताच हात थांबवावा. कणकेसारखे मळत बसले तर मैद्याचे ग्लुटेन तयार होते, पीठ चिवट होते आणि थर फुगण्याऐवजी घट्ट बसतो. पोळ्यांची सवय असलेल्या हाताला हे अवघड जाते, म्हणून काटा-चमचा वापरणे सोयीचे.

हे सगळे थंड ठेवा असे सांगणे सोपे आहे. मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या स्वयंपाकघरात लोणी हातातच वितळते. अशा वेळी उलटा मार्ग धरावा. लोणी वितळवून पाच मिनिटे निवू द्यावे आणि फ्रिजमधून काढलेल्या अगदी गार दुधात ते ओतून ढवळावे. दुधाच्या गारव्याने लोण्याचे बारीक दाणे धरतात, आणि हे दाणेदार दूध मैद्यात घातले की चोळण्याच्या खटाटोपाशिवाय जवळजवळ तसाच परिणाम मिळतो. गोठलेल्या दाण्यांची वाफेवर जी पोकळी होते, तीच थर हलका करते. मला स्वतःला उन्हाळ्यात हीच रीत अधिक भरवशाची वाटते, मग स्वयंपाकघरात वातानुकूलन असो वा नसो.

पीठ वाटीत घालण्याच्या पद्धतीने निम्मे काम होते. प्रत्येक वाटीला ४० ते ४५ ग्रॅम पीठ पुरेसे आहे. ते एकाच थापीऐवजी तीन-चार लहान, ओबडधोबड गोळ्यांत चमच्याने सोडावे, कोणताही गोळा दीड सेंटिमीटरपेक्षा जाड नसावा, दोन गोळ्यांमध्ये फट राहावी आणि काठालाही पीठ चिकटू नये. भाजताना गोळे फुगून एकमेकांना टेकतात, पण फटींमधून रस वर उसळत राहतो आणि वाफ मोकळी होते. वर थोडी जाडी साखर भुरभुरली तर कुरकुरीतपणा येतो. १९० अंशांवर आधीच तापलेल्या ओव्हनमध्ये, तापलेल्या ट्रेवर ठेवून अशा वाट्या १८ ते २२ मिनिटांत होतात.

झाले की नाही हे रंगावरून ठरवू नये. मधल्या फटीतून येणारे बुडबुडे पाहावेत : सुरुवातीला ते लहान, पातळ आणि भराभर फुटणारे असतात, रस आळला की मोठे, जड आणि संथ होतात, फुटताना किंचित आवाज करतात. त्यानंतर लोण्याच्या सुरीने एक गोळा कडेने हलकेच उचलावा आणि त्याची खालची बाजू पाहावी. तिथे पीठ रसाने माखलेले, ओलसर असणारच. ते तसे असणे हा दोष नाही, रसात शिजलेल्या पिठाची ती स्वाभाविक अवस्था आहे. मात्र बोटाने दाबल्यावर त्यात पावासारखी जाळी दिसली पाहिजे. जाळीऐवजी चकाकणारा सलग लगदा दिसला तर ते कच्चे आहे. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर गोळ्याच्या मध्यभागी ९३ अंश पुरेत. हा फरक कळत नसल्यामुळे पुष्कळ जण उत्तम झालेला कॉब्लरही कच्चा समजून पुन्हा भाजतात आणि वाळवून टाकतात.

बाहेर काढल्यावर वीस ते तीस मिनिटे थांबणे आवश्यक आहे. उकळत्या अवस्थेत कोणताही रस पातळच दिसतो. निवता निवता तो धरतो. ओव्हनमधून थेट ताटात, वर आइस्क्रीमचा गोळा, हे छायाचित्रात छान दिसत असले तरी रस पाणचट असल्याच्या तक्रारींमागे बऱ्याचदा एवढीच घाई असते.

फळाच्या निवडीनेही बराच फरक पडतो. जॉर्जियातील पीच मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मिळतात. हंगामाच्या सुरुवातीच्या जातींमध्ये गर बाठ्याला घट्ट चिकटलेला असतो, तर जूनच्या मध्यापासून येणाऱ्या जातींमध्ये तो सहज सुटतो. वाट्यांसाठी या दुसऱ्या प्रकारचे पीच घ्यावेत, कारण फोडी सारख्या आकाराच्या होतात आणि एकाच वेळी शिजतात. सुटा बाठा असलेली प्रसिद्ध एल्बर्टा ही जात जॉर्जियातल्या मार्शलव्हिलच्या सॅम्युअल रम्फ यांनी १८७० च्या दशकात काढली आणि तिला पत्नीचे नाव दिले. याच कुळातली जुलै एल्बर्टा हिमाचल प्रदेशात लावली जाते, तेव्हा उत्तरेकडचे पीच बाजारात आले की महाराष्ट्रातही हा पदार्थ अस्सल फळाने करता येतो. त्याआधी एप्रिल-मेमध्ये पंजाबकडचे शान-ए-पंजाबसारखे लवकर येणारे पीच दिसतात. साल काढण्यासाठी तळाशी फुलीचा छेद देऊन फळ अर्धा ते एक मिनिट उकळत्या पाण्यात सोडावे व लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावे. यानंतरही साल सुटत नसेल तर फळ अजून पिकलेले नाही आणि त्याचा कॉब्लरही चवीला सुमारच होईल.

गोठवलेल्या फोडी वापरायच्या असतील तर त्या पूर्ण वितळू द्याव्यात. गोठताना फळाच्या पेशी फुटतात, त्यामुळे अशा फोडी ताज्यापेक्षा कितीतरी जास्त रस सोडतात. तो सगळा काढून कढईत आटवावा आणि कॉर्नफ्लोअर तीन सपाट चमचे करावे. डब्यातले पीच घेतले तर पाक निथळून टाकून साखर निम्मी करावी. कॉब्लर करून गोठवायचा असेल तर कॉर्नफ्लोअर टाळावे, कारण वितळताना त्याचा रस फुटतो आणि पाणी वेगळे होते. त्याऐवजी साबुदाणा मिक्सरमध्ये अगदी बारीक दळून वापरावा. अमेरिकेतही फळे भरून भाजलेल्या ‘पाय’ (pie) या पदार्थासाठी टॅपिओकाचे, म्हणजे कसावा या कंदाच्या पिठाचे, दाणे वापरण्याची जुनी पद्धत आहे, आणि आपल्याकडचा साबुदाणाही त्याच कंदाच्या पिठाचा असतो. त्याला भिजायला वेळ लागतो, म्हणून थंड रसात पंधरा मिनिटे ठेवून मगच उकळावा.

आता भारतातल्या ओव्हनविषयी, कारण अमेरिकेतल्या मोठ्या ओव्हनसाठी लिहिलेली वेळ घरगुती ओटीजीत (टेबलावरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) जशीच्या तशी चालत नाही. वीस-बावीस लिटरच्या ओटीजीत वरची दांडी वाट्यांच्या अगदी डोक्यावर येते, त्यामुळे वर लवकर करपणे आणि खाली कच्चे राहणे हा प्रकार तिथे अधिक तीव्र होतो. जाळी सर्वांत खालच्या खाचेत ठेवावी, पहिली दहा मिनिटे फक्त खालची दांडी चालू ठेवावी आणि नंतर दोन्ही. एका वेळी चारच वाट्या ठेवाव्यात. सहा कोंबल्या तर हवा फिरायला जागा राहत नाही. बटणावरचा आकडा आणि आतले तापमान यांत पुष्कळदा मोठा फरक असतो, म्हणून आत ठेवायचा छोटा थर्मामीटर घेणे हा फुकटचा खर्च नाही. एअर फ्रायरमध्ये झोत वरून आणि जोरात येतो, तेव्हा तापमान १६० अंशांवर आणावे. वर फॉइल लावल्यास ते वाटीच्या कडांना घट्ट दाबावे, नाहीतर ते उडून हीटरला लागते. कुकरमध्ये किंवा कढईत मिठावर भाजले तर खालची आच उत्तम मिळते, पण वर रंग येत नाही.

वाट्यांच्या बाबतीत सांगायचे तर चिनीमातीच्या रॅमकिन घ्यायलाच हव्यात असे नाही. आमटीच्या साध्या स्टीलच्या वाट्या पातळ असल्यामुळे लवकर तापतात आणि या कामाला चिनीमातीपेक्षा सरस ठरतात. दिसण्यात त्या कमी पडतात एवढेच. अॅल्युमिनियमचे उघडे साचे मात्र आंबट फळासाठी वापरू नयेत, फळाला धातूची चव येते.

पीचऐवजी आंबा घालावा का, हा प्रश्न मराठी घरांत निघतोच. घालता येतो, पण हापूस ओव्हनमध्ये घालणे मला पटत नाही : ज्या सुगंधासाठी आपण पैसे मोजतो तोच आचेवर निघून जातो आणि मागे नुसता गोड गर उरतो. घट्टसर केशर किंवा तोतापुरीच्या फोडी घ्याव्यात, त्यांत पाचवा हिस्सा कैरीचे पातळ काप मिसळावेत म्हणजे आंबटपणा भरून निघतो, साखर अर्ध्यावर आणावी आणि रस कमी सुटत असल्याने कॉर्नफ्लोअर एकच चमचा घ्यावे. हापूस हवाच असेल तर त्याच्या ताज्या फोडी वाढताना वरून घालाव्यात. जांभूळ किंवा तुती वापरताना पिठात सोडा घालू नये. या फळांचा जांभळा रंग अल्कलीच्या संपर्कात निळसर-हिरवट होतो आणि पिठावर विचित्र डाग दिसतात.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत आणखी एक पद्धत प्रचलित आहे : भांड्यात लोणी वितळवायचे, त्यावर मैदा, साखर आणि दुधाचे पातळ पीठ ओतायचे, वर फळे सोडायची आणि भाजताना पीठ फळांमधून वर येऊ द्यायचे. मोठ्या बिडाच्या तव्यात ही पद्धत बहारदार होते. वाट्यांमध्ये मात्र लोणी कडेला साचून राहते, पीठ मध्यभागी कच्चे राहते, आणि वर सांगितलेला गरम फळाचा उपायही तिथे पुरता लागू होत नाही. तिच्या वाटेला वाट्यांमध्ये न जाणेच बरे.

उरलेला कॉब्लर फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस चांगला राहतो, मात्र त्याचा वरचा थर मऊ पडतो. मायक्रोवेव्हमध्ये तो आणखी चिवट होतो. १६० अंशांवर दहा-बारा मिनिटे गरम केल्यास वरचा कुरकुरीतपणा बराचसा परत येतो. वाटी काचेची किंवा चिनीमातीची असेल तर ती फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवावी आणि मगच ओव्हनमध्ये घालावी.